सिरक्याची आई

एकतीस वर्षं मी तोल्मिनच्या औषधांच्या दुकानात
काउंटरमागे उभी होते. पांढरा कोट, खिशात दोन पेनं.
कुणी खोकलं की हात आपोआप तिसऱ्या फळीकडे जायचा.

आता निवृत्त. वर गावात राहते.
बस दिवसातून दोनदा, रविवारी तीही नाही,
म्हणून म्हटलं, आपलं आपण करून बघावं.

झेंडूचं चुलत भावंड वाटावं असं कॅलेंडुलाचं फूल
खुडलं, सावलीत वाळवलं, तेलात बुडवून
गरम पाण्यावर तासभर ठेवलं.
मधमाश्यांचं मेण अठरा ग्रॅम. अठरा म्हणजे अठरा,
तराजू दुकानाने निरोपाला दिलेला.
मलम जमलं. रात्री टाचांच्या भेगांना लावते
आणि वर लोकरीचे मोजे.

बीचच्या लाकडाची राख, पावसाचं पाणी, डुकराची चरबी:
साबण. पहिल्या खेपेला बोटं पोळली,
दुसऱ्या खेपेला फक्त अंगठा.

मे महिन्यात स्प्रूसचे पोपटी शेंडे,
एक थर शेंड्यांचा, एक साखरेचा,
बरणी चाळीस दिवस खिडकीतल्या उन्हात.
खाली उतरलेल्या तपकिरी पाकावर मी चिठ्ठी चिकटवली:
खोकल्यासाठी. लहान चमचा.
ताप तीन दिवसांवर गेल्यास डॉक्टर गाठावा.
शेजारची टिल्का ती वाचून खो खो हसली.
‘मागिस्त्रा, पाकालासुद्धा दम देतेस!’
दुकानातली ही माझी पदवी
ती अजून मला जोड्यासारखी मारते.

सिरका मात्र जमेना.
झाडाखाली पडलेली सफरचंदं, किडकी बाजू कापून,
सालीसकट पाण्यात. त्याआधी
बरणी उकळली, कापड उकळलं, चमचा उकळला,
पाणी उकळलं.
तीनदा केलं. तिन्हीदा वर निळी बुरशी,
शाळेच्या नकाशातल्या समुद्रासारखी.
जिवंत असेल ते आधी मारून टाकायचं,
जन्मभर हेच तर शिकवलं होतं मी सगळ्यांना.

टिल्काचा नवरा, लोइझ,
एकदा दुकानात आला होता. सांधे धरलेले,
हातात बाटली, घरच्या दारूत मुरवलेली आर्निकाची फुलं.
हे चोळलं तर चालेल का, एवढंच विचारलं त्याने.
मी सहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले,
‘गुरांना चोळा.’
त्याने बूच लावलं, गोळ्या घेतल्या, सुटे पैसे मोजून दिले.
गोळ्या बरोबर होत्या.
माझं बोलणं, ते मला परतीच्या बसमध्ये ऐकू आलं,
आणि त्यानंतर पुष्कळ वेळा.

ऑक्टोबरात रिकामी बरणी घेऊन
विरजण मागायला जावं तशी मी तिच्या दारात.
ती काही न बोलता तळघरात उतरली,
एकेक पायरी, भिंतीला हात लावत.
वर आली तेव्हा वाडग्यात काहीतरी
काळजीच्या रंगाचं, जिभेसारखं बुळबुळीत.
‘ही आई. सासूने दिली मला.
सासूला कुणी दिली, विचारायचं राहूनच गेलं.’

‘किती ग्रॅम घालू?’
‘तिलाच विचार.’
मग म्हणाली, लोखंडाचा चमचा लावू नकोस.
झाकण घट्ट नको, नुसतं फडकं बांध.
आणि देवाशपथ, हिला उकळू नकोस.

फाटकापर्यंत पोचले तर मागून हाक.
तीच बाटली. अर्धी. बूच काळं पडलेलं.
‘तुझे गुडघे बघतेय मी चढावर,’ टिल्का म्हणाली.
‘घे. गुरांसाठीचं आहे.’
हसली नाही ती. मीही नाही.

आता रात्र आहे. ओट्यावर बरणी,
फडक्याखालून आंबूस, टोकदार वास येतोय.
आईवर चिठ्ठी लावायला बसले,
बनवल्याची तारीख कुठली घालायची ते कळेना,
तशीच ठेवली.
दोन्ही गुडघ्यांना आर्निका चोळली, भरपूर.
सगळ्या घरात लोइझच्या दारूचा वास.
गोळीही घेतली, अर्थात.